सालमपंजाचा अदृश्य सोबती

आमच्या आजीच्या औषधांच्या डब्यांत वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, हळकुंड अशा बाळगुटीच्या जिनसांशेजारीं एका लहानशा पुरचुंडींत एक चमत्कारिक वस्तु असे. पिवळट पांढऱ्या रंगाचा, सुकून दगडासारखा टणक झालेला, बोटभर लांबीचा तो एक कंद होता. त्याला खालच्या अंगास तीन-चार फांटे फुटलेले असल्यामुळें तो एखाद्या तान्ह्या मुलाच्या पंजासारखा दिसे, आणि म्हणूनच आम्हां मुलांस त्याची थोडीशी भीति वाटे. आजी त्याला ‘सालमपंजा’ म्हणे. घरांत कोणी बाळंतीण असली किंवा दीर्घ दुखण्यांतून कोणी उठलें, म्हणजे तो पंजा खलबत्त्यांत कुटून व वस्त्रगाळ करून दुधांत शिजविण्यांत येई. चिमूटभर चूर्णानें वाटीभर दूध खिरीसारखें दाट होतांना पाहणें ही आमची मोठी करमणूक असे.

हा पंजा येतो कोठून, असें आजीला विचारलें, तर ती म्हणे, “काष्ठौषधींच्या दुकानांतून.” दुकानदारास विचारलें, तर तो म्हणे, “वरून, पहाडांतून.” याच्या पलीकडे चौकशी करण्याची कोणास गरजहि वाटली नाहीं. ज्या जिनसेचें कुलशील आपण पिढ्यान् पिढ्या विचारलें नाहीं, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. आणि ती ऐकल्यावर त्या पुरचुंडीकडे पूर्वीच्याच निश्चिंत मनानें पाहणें वाचकांस कठीण जाईल, असें वाटतें.

फुलाचें माहेर

सालमपंजा हा ऑर्किड कुलांतील एका रानटी वनस्पतीचा कंद आहे. या कुलास मराठींत आमर अथवा आमरी असें नांव आहे. ऑर्किड म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें फुलवाल्यांकडील महागडीं जांभळीं फुलें उभीं राहतात. नाहीं तर सह्याद्रींतील जुन्या वृक्षांच्या फांद्यांवरून पावसाळ्याच्या तोंडीं लोंबणारी ‘सीतेची वेणी’ आठवते. परंतु हें कुल फार विस्तृत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्याच्या सुमारें २८,००० जाति मोजल्या आहेत. त्यांपैकीं कांहीं वृक्षांच्या अंगाखांद्यांवर राहतात, तर कांहीं जमिनींत मुळें रोवून असतात. सालमपंजा हा या दुसऱ्या वर्गांतला. शास्त्रीय भाषेंत त्याचें नांव डॅक्टिलोऱ्हायझा हाटाजिरिया. यांतील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘बोटांसारखें मूळ’ असा आहे. दुसरा शब्द मात्र आपल्याच बाजूचा आहे. डोंगरी लोक या वनस्पतीस ‘हाताजडी’, म्हणजे हातासारखी मुळी, म्हणत. तोच शब्द डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२५ सालीं नेपाळच्या वनस्पतींवरील आपल्या लॅटिन ग्रंथांत घेतला. आपला ‘सालम’ हा शब्द अरबी व फारसी यांच्या मार्गानें आलेला आहे. तुर्कस्तानांत अशाच कंदांच्या पिठास ‘सालेप’ म्हणतात, आणि तें घालून केलेलें ऊन पेय व चिवट आइस्क्रीम तेथें मोठें लोकप्रिय आहे.

या फुलाचें माहेर म्हणजे हिमालयांतील उंच कुरणें. सुमारें तीन ते चार हजार मीटर उंचीवर देवदार आणि भूर्ज यांची वस्ती हळूहळू संपत जाते, आणि तेथून वर बर्फाच्या रेषेपर्यंत हिरव्या गवताचे मोकळे उतार पसरलेले असतात. गढवाळांत त्यांस बुग्याळ म्हणतात. बदरीनारायणाच्या यात्रेस गेलेलीं आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें गोविंदघाटाशीं वळून, घांगरियास मुक्काम करून ‘फुलांची दरी’ पाहून येतात. फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ सालीं कामेट शिखरावरून परततांना या दरींत उतरला, व पुढें त्यानें लिहिलेल्या पुस्तकामुळें ती जगास ठाऊक झाली. १९८२ सालीं ती राष्ट्रीय उद्यान ठरली आणि २००५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणली गेली. त्या दरींतील शेंकडों फुलांत सालमपंजाचें फूलहि आहे. कित्येकांनीं तें पाहिलेंहि असेल. पण आपल्या घरच्या डब्यांतील पंजा तो हाच, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसेल.

या वनस्पतीची आवडनिवड मोठी चोखंदळ आहे. तिला ऊन भरपूर हवें, पण पायाखालची माती वाळतां कामा नये. वितळत्या बर्फाचें पाणी झिरपत जातें असे उतार, ओढ्यांचे कांठ, गवताच्या ओलसर बेचक्या, या तिच्या ठरलेल्या जागा. माती काळी व कुजलेल्या पानांनीं आणि गवतानें पोसलेली हवी. वर्षांतील पांच-सहा महिने ती बर्फाच्या पांघरुणाखालीं निजून असते. बर्फ वितळलें कीं कंदांतून कोंब निघतो. जून-जुलईच्या सुमारास हात-दीड हात उंचीचा पोकळ दांडा उभा राहतो, त्यावर लांबट पानें येतात, आणि शेंड्यास गुलाबी-जांभळ्या फुलांचा दाट तुरा डोलूं लागतो. प्रत्येक फुलाच्या खालच्या पाकळीवर गडद ठिपक्यांची नक्षी असते. थंडी पडूं लागली कीं हें सारें वैभव सुकून जातें आणि जमिनीखालीं उरतो केवळ कंद.

खरें पाहतां कंद एक नसून दोन असतात, आणि येथेंच आपल्या कथेंतील पहिली मेख आहे. ऐन फुलांच्या दिवसांत झाडाच्या बुडाशीं पाहिलें, तर एक मळकट व सुरकुतलेला, आणि दुसरा पांढरा व टवटवीत, असे दोन पंजे शेजारीं शेजारीं आढळतात. जुना कंद म्हणजे घरांतील थकलेली सासू. आपलें सारें संचित ती यंदाच्या पानाफुलांवर खर्चून मोकळी होते. नवा कंद ही घरांत आलेली सून. पुढील वर्षाचा संसार तिच्या शिरावर. खणणाऱ्याचा हात नेमका या नव्या कंदावर पडतो, कारण बाजारांत भरदार पंजासच किंमत येते. तेव्हां आपण विकत घेतों तो वाया जाणारा अवशेष नव्हे. येत्या उन्हाळ्यांत फुलणारें झाडच तें!

धुळीएवढें बीं

“कंद गेला तर गेला, बीं तर मागें राहिलें ना?” असें कोणी म्हणेल. गहूं-बाजरीच्या बाबतींत हा प्रश्न रास्त आहे. ऑर्किडाच्या बाबतींत मात्र बीं मागें राहणें आणि झाड उगवणें यांत फार मोठें अंतर आहे.

चार्ल्स डार्विन यानें ऑर्किडांवरील आपल्या ग्रंथांत एक हिशेब मांडला आहे. सालमपंजाच्या अगदीं जवळच्या नात्यांतील, इंग्लंडांत होणाऱ्या एका ठिपकेदार पानांच्या ऑर्किडाचें एक बोंड फोडून त्यानें बिया मोजल्या. त्या सुमारें ६,२०० भरल्या. तशीं तीस बोंडें एका झाडास, म्हणजे एका झाडाच्या सुमारें १,८६,००० बिया! यांतील प्रत्येक बीं उगवलें, तर त्या एका झाडाच्या पणतवंडांनीं पृथ्वीवरील सारी जमीन हिरव्या गालिच्यासारखी झांकून जाईल, असें त्यानें दाखवून दिलें. प्रत्यक्षांत मात्र हीं झाडें तुरळकच दिसतात. त्यांच्या वाढीस आळा कशाचा बसतो, हें आपणांस ठाऊक नाहीं, असें त्या थोर पुरुषानें मोकळेपणानें लिहून ठेविलें.

या कोड्याचें उत्तर बियांच्या पोटांत आहे. किंबहुना बियांच्या पोटांत कांहींच नाहीं, हेंच तें उत्तर. गव्हाच्या दाण्यांत इवल्याशा गर्भाशेजारीं भरपूर पीठ असतें. त्याचीच आपण पोळी करितों. हरभऱ्याच्या दोन डाळी म्हणजेहि कोंबासाठीं बांधून दिलेली शिदोरीच. नारळांतील खोबरें, एरंडांतील तेल, सर्व त्याच जातीचें. मूल परक्या ठिकाणीं पाठवितांना चार दिवस पुरेल एवढा फराळ आई बरोबर देते, तसाच हा प्रकार. ऑर्किडाचें बीं मात्र एक मिलिमीटरहूनहि लहान असतें. फुंकर मारली तर धुळीसारखें उडून जातें. त्यांत मूळ नाहीं, दल नाहीं, पीठ नाहीं. थोड्याशा पेशींचा एक गोळा आणि त्याभोंवतीं जाळीदार पातळ पापुद्रा, एवढाच त्याचा प्रपंच. वाऱ्यावर दूरवर जातां यावें म्हणून त्यानें सारी शिदोरी टाकून दिली आहे. तें पोंचतें खरें. पण पोंचल्यावर खायचें काय?

एका शिपायाचा शोध

या प्रश्नाचा उलगडा फ्रान्समधील एका तरुणानें केला. त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे.

१८८५ सालीं जर्मनींत ए. बी. फ्रँक या शास्त्रज्ञानें एक नवा शब्द प्रचारांत आणला. जमिनीखालीं वाढणाऱ्या ट्रफल नांवाच्या महागड्या भुईछत्र्यांची लागवड साधेल कीं काय, हें पाहण्याची कामगिरी प्रशियाच्या सरकारनें त्याजकडे सोंपविली होती. लागवड साधली नाहीं. पण वृक्षांच्या कोंवळ्या मुळांवर बुरशीच्या तंतूंचें दाट आवरण असतें आणि तें झाडास अपायकारक नसून उपकारक असावें, असें त्यास दिसून आलें. या जोडीस त्यानें ‘मायकोऱ्हायझा’, म्हणजे ‘बुरशी-मूळ’, असें नांव दिलें. ऑर्किडांच्या मुळांतहि असे तंतु असतात, हें सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत होतें. पण ते तेथें कशासाठीं असतात, हें कोणी सिद्ध केलें नव्हतें.

नोएल बेर्नार हा १८७४ सालीं जन्मलेला फ्रेंच विद्यार्थी. १८९९ सालीं तो मेलां येथें सक्तीची लष्करी नोकरी करीत होता. जवळच फाँतेनब्लोचें प्रसिद्ध अरण्य आहे. कवाइतींतून सवड मिळाली कीं तो त्या अरण्यांत वनस्पति पाहत हिंडे. तेथें बीच वृक्षांच्या गर्द सांवलींत एक विलक्षण ऑर्किड उगवतें. त्याला हिरवा रंग मुळींच नसतो. दांडा, फुलें, सारेंच मातकट तपकिरी. त्याच्या मुळ्यांचा गुंता पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला ‘पक्ष्याचें घरटें’ असेंच म्हणतात. वसंत ऋतूंत एके दिवशीं बेर्नारला याच ऑर्किडाचा गतवर्षींचा एक फळांचा दांडा कुजक्या पानांखालीं दडपलेला सांपडला. बोंडांतील बिया उडून न जातां तेथेंच राहिल्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा उगवल्या होत्या. रानांत ऑर्किडांचीं रोपें अशीं बोंडांतच उगवतांना पाहण्याचें भाग्य फार थोड्यांच्या वांट्यास आलें होतें. त्यानें तीं सूक्ष्मदर्शकाखालीं धरलीं, तों प्रत्येक रोपाच्या पेशींत बुरशीचे तंतु!

दुसरा एखादा, “रोपांस कीड लागली,” म्हणून तीं फेंकून देता. बेर्नारनें उलट विचार केला. बुरशी ही उगवलेल्या रोपांस जडलेली व्याधि नसून उगवण्याचें कारणच ती असावी. पुढील कांहीं वर्षांत त्यानें ऑर्किडांच्या मुळांतील बुरशी वेगळी काढून वाढविली, आणि निर्जंतुक केलेल्या बिया कांचेच्या नळ्यांत पेरल्या. नुसत्या बिया जशाच्या तशा पडून राहत. बुरशीची सोबत मिळाली कीं त्यांतून रोपें तयार होत. डार्विनचें कोडें सुटलें. बियांच्या संख्येस कांहीं अर्थ नाहीं. योग्य बुरशी जेथें भेटेल तेथेंच झाड. हा शोध लावणारा बेर्नार १९११ सालीं, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, वारला. त्याच्या शोधाच्या पायावर आज अनेक देशांत ऑर्किडशास्त्राची इमारत उभी आहे.

पाहुण्यास कोठपर्यंत येऊं द्यावें?

जमिनींत प्रत्यक्ष घडतें तें असें. ओल्या मातींत पडलेलें बीं पाणी पिऊन फुगतें. आसपास कुजक्या पानापाचोळ्यावर जगणाऱ्या बुरशीचा एखादा तंतु त्याच्या एका टोंकानें आंत शिरतो आणि पेशींत लोंकरीच्या गुंडीसारखीं वेटोळीं घालून बसतो. कांहीं दिवसांनीं तीं वेटोळीं विरघळूं लागतात आणि त्यांतील साखर, नत्र व स्फुरद बियांस मिळतात. पुन्हां नवे तंतु येतात, पुन्हां पचून जातात. अशा रीतीनें पोसला जाऊन तो पेशींचा गोळा वाढतो. त्याला अद्याप पान नाहीं, सूर्यप्रकाशाची गांठ नाहीं. थंड प्रदेशांतील जमिनींत वाढणारीं ऑर्किडें अशा अवस्थेंत काळोखांत वर्ष, दोन वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ घालवितात. मग कोठें पहिलें पान उजेड पाहतें; आणि फूल येण्यास त्यानंतरहि कित्येक वर्षें जावीं लागतात. ज्या पंजाची पूड करण्यास आपणांस पांच मिनिटें लागतात, त्याच्यामागें एवढी तपश्चर्या असते.

ही बुरशी कोणी साधीसुधी नव्हे. सालमपंजाच्या जातभाईंच्या मुळांत सांपडणाऱ्या बुरशींस शास्त्रज्ञ टुलासनेला, सेराटोबॅसिडियम अशा नांवांनीं ओळखतात. पूर्वी या सर्वांस मिळून ऱ्हायझॉक्टोनिया म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थच ‘मुळांचा मारेकरी’ असा आहे. बटाट्यावरील काळी खवली आणि भाताच्या पर्णकोषावरील करपा हे रोग याच बिरादरींतील एका बुरशीमुळें होतात. ज्यांचे भाऊबंद शेतांत दरवडे घालतात, त्यांस ऑर्किडानें घरांत घेतलें आहे. मात्र मोठ्या सावधपणानें. मुळांच्या बाह्य भागांत, म्हणजे जणूं ओसरीवर, या पाहुण्यास मुक्त प्रवेश आहे. पण जेथें पुढील वर्षाचा सांठा असतो, त्या कंदाच्या कोठीघरांत त्यास पाऊल टाकतां येत नाहीं. कंदाच्या गाभ्यांत बुरशीस रोखणारें द्रव्य तयार होतें, हेंहि बेर्नारनेंच दाखविलें होतें. त्याचा तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढील संशोधकांनीं तसलें एक द्रव्य वेगळें काढून त्यास ‘ऑर्किनॉल’ असें नांव दिलें. याप्रमाणें ज्या कोठीघरास वनस्पतीनें आपल्या जिवलग सोबत्यासहि हात लावूं दिला नाहीं, नेमकें तेंच आपण उचलून आणतों.

पाहुणा खातो काय आणि देतो काय, हा वाद पुष्कळ दिवस चालला. ऑर्किड बुरशीस लुबाडतें, तिला कांहींच परत करीत नाहीं, असें बऱ्याच शास्त्रज्ञांचें मत होतें. २००६ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं गुडयेरा नांवाच्या एका हिरव्या ऑर्किडावर किरणोत्सारी कार्बनाची खूण वापरून प्रयोग केला. पानांनीं सूर्यप्रकाशांत बनविलेल्या साखरेचा कांहीं भाग मुळांवाटें बुरशीस पोंचतो, असें त्यांत आढळून आलें. लहानपणीं घेतलेलें ऋण हें झाड हातीं-पायीं धड झाल्यावर फेडूं लागतें. बेर्नारच्या त्या तपकिरी ऑर्किडानें मात्र हिरवेपणाच टाकून दिलेला असल्यामुळें त्यास फेड करण्याचें साधनच उरलें नाहीं. त्याची बुरशी बीच वृक्षाच्या मुळांशींहि जोडलेली असते. वृक्षाची साखर बुरशीस आणि बुरशीची ऑर्किडास, असा तो जन्मभराचा उसनवारीचा संसार आहे.

एक पंजा उपटला म्हणजे

आतां पुन्हां आपल्या हिमालयांतील ओलसर उताराकडे वळूं. ही वनस्पति अमक्याच जागीं कां आढळते आणि दहा पावलांवर कां नाहीं, याचें मर्म आतां ध्यानांत येईल. तिला लागणारी ओल, काळी माती आणि कुजका पालापाचोळा हें सर्व जसें तिच्यासाठीं आहे, तसेंच तें तिच्या सोबत्यासाठींहि आहे. उतारावरून पाण्याची वाट बदलली, गुरांच्या खुरांनीं माती घट्ट झाली, किंवा वरची माती वाहून गेली, तर झाड दिसायला कांहीं वर्षें उभें राहील. पण नव्या बियांस दाई मिळणार नाहीं.

शास्त्रज्ञांनीं बुरशीचा ठावठिकाणा काढण्याची एक साधी पण कल्पक युक्ति शोधली आहे. ऑर्किडाच्या बिया बारीक जाळीच्या कापडी पाकिटांत भरून रानांत निरनिराळ्या जागीं पुरावयाच्या, आणि महिन्या-वर्षानंतर पाकिटें उकरून त्या कोठें उगवल्या, तें पाहावयाचें. अनेक जातींच्या बाबतींत असें आढळून आलें कीं, जुन्या झाडांच्या आसपास बिया अधिक उगवतात आणि दूर गेलें कीं उगवण कमी होते. म्हणजे प्रौढ झाड हें केवळ बीं देणारें नसून त्याच्या पायाखालची माती हीच पुढच्या पिढीची बाळंतिणीची खोली असते. एक पंजा उपटला कीं येत्या वर्षाचें झाड गेलें, त्याचें बीं गेलें, आणि खणल्यामुळें ज्या मातींत इतर बिया उगवल्या असत्या तीहि विसकटली. त्यांतच आणखी एक अडचण. या वंशांतील फुलें मध न देतांच भुंग्यांस आपल्या रंगानें भुलवितात. फसलेला भुंगा फार वेळां परत येत नाहीं, म्हणून सर्वच फुलांस फळ धरत नाहीं.

हानि किती होते, याची कल्पना तुर्कस्तानच्या उदाहरणावरून येईल. तेथील एक किलो सुक्या सालेपासाठीं जातीप्रमाणें १,००० ते ४,००० कंद लागतात, असा अंदाज आहे. आपल्या हिमालयांतहि मागणी आणि वाढ यांचा मेळ राहिलेला नाहीं. तेथील औषधी वनस्पतींच्या मूल्यमापनांत तज्ज्ञांनीं सालमपंजाची गणना ‘अत्यंत संकटग्रस्त’ या वर्गांत केली आहे. नेपाळ सरकारनें त्याचें संकलन व विक्री यांस बंदी घातली आहे. १९७५ सालीं अंमलांत आलेल्या व भारतानें १९७६ सालीं स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें सर्वच रानटी ऑर्किडांच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. पण कायदा नाक्यावर उभा राहूं शकतो. प्रत्येक बुग्याळाच्या उतारावर तो कसा उभा राहणार? खणणारा बहुधा गरीब पहाडी माणूस असतो. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत मिळेल तेवढ्या जडीबुटीवर त्याचें वर्षाचें मीठमिरचीचें भागत असतें. त्याला दोष देऊन आपली सुटका होणार नाहीं; मागणी आपल्या डब्यांतूनच निघते.

मग करावें काय?

मग सालमपंजाची शेती कां करूं नये? तसे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेंतील लुइस नडसन यानें १९२२ सालीं असें दाखविलें कीं, साखर घातलेल्या खळीवर बियांस बुरशीवांचूनहि उगवतां येतें. बाजारांतील आजचीं ऑर्किडें त्याच वाटेनें आलेलीं आहेत. सालमपंजाच्या बियाहि प्रयोगशाळेंत उगवल्या आहेत. परंतु कांचेच्या बाटलींत लाडांत वाढलेलें रोप डोंगराच्या मातींत टिकणें ही वेगळी गोष्ट. त्यास तेथें आपला सोबती पुन्हां शोधावा लागतो. म्हणून कांहीं संशोधकांनीं बुरशीसहच रोपें तयार करण्याचा मार्ग धरला. अशा रीतीनें बुरशीच्या मदतीनें उगवलेलीं सालमपंजाचीं रोपें पुन्हां निसर्गांत लावल्याची भारतीय उपखंडांतील पहिली हकीकत २०१० सालीं प्रसिद्ध झाली. हा मार्ग खरा, पण लांबचा आहे. आणि तो पुरा होईपर्यंत रानांतील झाडें जिवंत राहिलीं पाहिजेत.

या कामीं आपल्या घरांचा वांटा लहान असला तरी निश्चित आहे. सालमानें दूध दाटतें, तें त्यांतील ग्लुकोमॅनन नांवाच्या बुळबुळीत द्रव्यामुळें व पिष्टामुळें. अशक्त माणसास तें पचण्यास हलकें वाटतें, हें खरें. पण आपल्या स्वयंपाकघरांत त्याला पर्यायांची वाण नाहीं. अळिवाची खीर आहे, डिंकाचे लाडू आहेत, आरारूटची लापशी आहे, नाचणीचें सत्त्व आहे, खारीक-खसखस आहे. हे सर्व जिन्नस शेतांत वा बागेंत दरसाल नव्यानें पिकतात किंवा झाड जिवंत ठेवून मिळवितां येतात. विशिष्ट व्याधीसाठीं वैद्यांनीं सालमच सांगितला, तर त्यांच्याशींच बोलून पर्याय विचारावा. पंजा आला कोठून, एवढें तरी दुकानदारास विचारावें. गिऱ्हाईक विचारूं लागलें कीं दुकानदारहि विचारूं लागतो. आणि यात्रेस किंवा सहलीस गेल्यावर, मग तो हिमालय असो कीं आपला सह्याद्रि, एखादें सुंदर रानटी ऑर्किड दिसलें, तर तें मुळासकट उपटून घरच्या कुंडींत लावण्याचा मोह आवरावा. आपण आणतों तें केवळ झाड. त्याचा सोबती मागें त्या मातींतच राहतो. चार महिन्यांनीं कुंडी रिकामी होते, आणि आपण म्हणतों, “हवा मानवली नाहीं.”

आजी जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तिच्या डब्यांतील तो शेवटचा पंजा अजून आमच्या घरीं आहे. परवां आमच्या सूनबाईंच्या बाळंतपणांत तो बाहेर काढण्याची गोष्ट निघाली. घरांत थोडी चर्चा झाली. वडीलधाऱ्यांस जुनी रीत मोडणें जड वाटत होतें. अखेरीस अळिवाची खीर झाली आणि बाळंतीण खुशाल आहे. पंजा पुन्हां पुरचुंडींत बांधून ठेविला. घरांतील मुलांस तो अजूनहि लहान हातासारखा दिसतो. तीं विचारतात, “हा कोणाचा हात?” आतां निदान आम्हांस त्यांना पुरतें उत्तर देतां येतें.